शहात्तराव्या कोअरचा वारसदार

मी, रवींद्र वामन कर्णिक, वय सत्तर, जहाजावरचा निवृत्त चीफ इंजिनिअर, राहणार मरीन परेड, सिंगापूर, शांत चित्ताने आणि भरल्या पोटी हे लिहून ठेवतो. कोणाचे दडपण नाही. पत्नी सुलेखा शेजारी बसली आहे, तरीही नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. फ्लॅट व बँकेतली शिल्लक सुलेखाची, तिच्या पश्चात मुलगी किमयाची. किमयाने फ्लॅट विकला तरी हरकत नाही. मी इथे सुखात राहिलो, तेवढे पुरे.

२. पान्यांची पेटी जावई राजस याला. नळ गळला की हत्यारे नाहीत म्हणत तो प्लंबरला फोन करतो. आता ती सबब चालणार नाही.

३. आता खरी इस्टेट. जर्मनांच्या शहात्तराव्या पान्झर कोअरचा, म्हणजे एका रणगाडा-दळाचा, दुसऱ्या महायुद्धातला इतिहास मी निवृत्तीनंतर लिहीत आलो. हस्तलिखित आणि नकाशे मागच्या खोलीत आहेत. किमया सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "बाबा, नोबडी विल रीड, लाह!" एक गृहस्थ सगळे न्यायला तयार होते, पण ते त्या गणवेशांवर भाळलेले. त्यांना कपटाही देऊ नये. त्या सैन्याने गावकऱ्यांवर केलेले अत्याचार मी लिहिले आहेत. ती पाने त्यांनी आधी फाडली असती.

४. ही इस्टेट माझा मित्र प्रबोध मोहिते याला. त्याचे थोरले काका मराठा पलटणीतून लढताना इटलीत, सांग्रो नदीकाठी, याच कोअरसमोर पडले. "काकांना मारणाऱ्यांचं चरित्र लिहितोस? लाज नाही वाटत?" असे तो दर रविवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मंडपात, कॉफी पिताना विचारतो. मी म्हणतो, मारणारा कोण, तिथे कसा आला, हे कळल्याशिवाय काकांची गोष्ट अर्धीच. त्याला ते पटत नाही. तरी प्रत्येक प्रकरण वाचून समासात लाल पेनाने भांडतो, आणि मेला पुष्कळदा बरोबर निघतो. असा वाचक मिळाला, मी तृप्त आहे. छापावे की जाळावे, त्याने ठरवावे.

५. प्रबोध आज साक्षीदार म्हणून सही करायला इस्त्रीचा शर्ट घालून आला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्ष घालायची नसते. पण हे गुपित आज फोडायचे नव्हते, म्हणून मी नुसते "तू नको" म्हणालो. तो बाल्कनीत रुसून बसला आहे.

प्रबोध, हे वाचून राग गेला तर पेन उचल. सांग्रोचे प्रकरण मी लिहिलेले नाही. ते तुझ्या काकांचे आहे, तू लिही.

सही: रवींद्र वामन कर्णिक
आम्हा दोघांसमक्ष सही केली: मीनल राजे, प्रसन्न ओक (शेजारी)
सिंगापूर, १२ मार्च २०१७