चकत्यांची कंपनी आणि घरची माणसं

४ फेब्रुवारी

हॉटेलांच्या एका मोठ्या साखळीचा खरेदी अधिकारी शुक्रवारी ऑफिस बघायला येतोय! हॉटेल म्हटलं की टेबलं आली आणि टेबलं म्हटली की डुगडुगणं आलं. त्यांच्या पायांखाली घालायच्या माझ्या रबरी चकत्यांची माहिती त्याने फोनवर नीट ऐकून घेतली. मग विचारलं, "टीम केवढी आहे तुमची?" मी म्हणाले, "पाच जण." तोंडातून निघून गेलं. टीममध्ये मी आहे आणि एक पंखा.

ही ऑर्डर हुकली तर कंपनी बंद. मग परत जुनी नोकरी, जुना साहेब. माझी खुर्ची त्याने अजून कुणाला दिलेली नाही. मुद्दाम.

५ फेब्रुवारी

घरचीच माणसं बसवायची. सासरे हिशेब विभाग, मावशी ग्राहक सेवा, नणंद डिझाइन, नवरा गोदाम. गोदाम म्हणजे कपाट. सगळ्यांना बजावलंय — ऑफिसात सूनबाई, वहिनी, बाळ असलं काही चालणार नाही, मॅडम म्हणायचं. मावशीला "मॅडम" म्हणताना एवढं हसू फुटलं की पाणी द्यावं लागलं.

७ फेब्रुवारी

अधिकारी आला, पाऊण तास बसला. कुणी चुकलं नाही! मावशीने बंद फोनवर एका नसलेल्या गिऱ्हाइकाची अशी काही समजूत घातली की तो कप हातात धरून ऐकतच राहिला. "हो हो, चूक आमचीच. तुम्ही सावकाश सांगा." सासऱ्यांनी त्याच्यादेखत माझा चहाचा खर्च नामंजूर केला.

फक्त चकती दाखवता आली नाही. ऐन वेळी आमचं टेबल डुगडुगेना. मी कोपऱ्यावर अख्खी रेलले तरी ढिम्म. "विचार करतो," म्हणाला आणि गेला.

१० फेब्रुवारी

नाटक संपलं हे यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. सकाळी गेले तर चौघंही आपापल्या जागेवर. सासरे घड्याळ बघून म्हणाले, "मॅडम, उशीर झाला."

१३ फेब्रुवारी

नवऱ्याने कपाटातून दोन चकत्या द्यायला चिठ्ठी मागितली. म्हटलं, अरे, माझ्याच आहेत त्या! म्हणाला, "ते बरोबर आहे गं, पण काही पद्धत असते की नाही?"

नणंदेच्या मते चकती चौकोनी हवी. त्यावर बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं.

मावशीचा फोन अजून बंदच आहे, तरी संध्याकाळी ती पार थकून गेलेली. एक गिऱ्हाईक फार बोललं म्हणे तिला. मी आधी वैतागले. मग राहवेना, विचारलं, "काय म्हणत होतं?"

खरं तर या सगळ्यांचा राग यायला हवा. पण वर्षभर त्या खोलीत एकटीने डबा खाल्लाय. आता पाच डबे उघडतात. बरं वाटतं मला, काय करू!

१८ फेब्रुवारी

अधिकाऱ्याचा फोन. चकत्या नकोत. कागदाची घडी घालून त्यांचं काम भागतं. पण अशी माणसं त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नाहीत म्हणे. चौघांनाही नोकरीवर घेतो! पगार ऐकून मी आकडा परत विचारला.

वाटलं, घरचीच माणसं, नाही म्हणतील. मावशीने जवळ येऊन पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, नोटीस किती दिवसांची द्यावी लागेल?"

२० फेब्रुवारी

नोटीस सासऱ्यांनीच माफ केली, चौघांचीही. हिशेब विभागाला तो अधिकार आहे म्हणे.

२४ फेब्रुवारी

डबा न उघडता परत आणला. रडले.

जुन्या साहेबाला फोन केला. खुर्ची गेल्या आठवड्यातच दिली म्हणाला.

३ मार्च

त्याच हॉटेलवाल्यांकडे मुलाखत देऊन आले. मुलाखत घ्यायला सासरे. समोर बसा म्हणाले, चष्मा पुसला आणि विचारलं, "आधीची कंपनी का बंद झाली?"

मी म्हणाले, "माणसं टिकली नाहीत."

त्यांनी ते लिहून घेतलं.

जेवायला वाढताना विचारलं, "बाबा, माझं काय झालं?" ताट पुढे करत म्हणाले, "कळवू."