यंत्राला जपा

पुणे, ता. ४ मे २००५

तीर्थस्वरूप आप्पांस,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट जाड आहे म्हणून आईला हाका मारू नका. आत लग्नाचं काहीही नाही. पण बातमी त्याहून मोठी आहे. आमच्या कंपनीनं दरडीचा इशारा देणारं यंत्र तयार केलंय आणि पहिल्या वीस गावांच्या यादीत कापड्याच्या वरची आपली वाडी आहे. नाव मीच घातलं. साहेबांनी विचारलं, ही कुठली वाडी? म्हटलं, पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या पोटाला चिकटलेली बत्तीस घरं आहेत, त्यातलं एक माझं. डोंगर हलण्याआधी भोंगा वाजेल आणि तुम्ही सगळे खाली कापड्याच्या शाळेत जाऊन बसाल. या पावसाळ्यात मला पहिल्यांदाच शांत झोप लागेल.

महाडच्या जलीलचाचांची सुम्बुल आठवते ना, माझ्याबरोबर कॉलेजात होती, ट्रकवाल्यांची? तीही इथंच आहे, पण शत्रूपक्षात. तिची कंपनी आमच्याएवढीच मोठी आणि असंच यंत्र करते. दोन वर्षं झाली, अजून बाहेर काढायचं नाव नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांची दोन माणसं महाडकडच्या नाते गावाजवळ एका वाडीत चार महिने राहिली. काम काय, तर लोक यंत्राचं काय करतात ते नुसतं बघत बसायचं! कुणी त्यावर घोंगडी वाळत घातली, कुणाची कोंबडी त्यावर बसली. ते सगळं वहीत लिहून आणलं आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलं. तिसरी एक परदेशी कंपनी आहे. ती तर चुलीवरचं झाकण कुणाला उचलूच देत नाही. काय शिजतंय ते त्यांच्यातल्या निम्म्यांनाही माहीत नसतं म्हणे.

आमचे साहेब म्हणतात, पंगत आधी बसवा, मीठ कमी पडलं तर पानात वाढू. मला हेच आवडतं. चुका लोकच दाखवतात आणि आम्ही महिन्याभरात सुधारतो. एक ऑगस्टला मुंबईत मोठा समारंभ आहे, मंत्री येणार आहेत. त्याआधी वीस गावांतून यंत्र चालवून दाखवायचं.

माणूस या महिन्यातच येईल. कसं चालतं ते तोच सांगेल. तुम्ही एकच करा. यंत्र नाजूक आहे, त्याला जपा.

आईला नमस्कार. इथल्या पोरीवरचा राग विसरा आणि लोभ तेवढा ठेवा.

तुमची,
अक्षदा

कापडे, वरची वाडी, ता. २८ मे २००५

चि. अक्षदा हिस,
आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं यंत्र आलं. लग्नाचं नाही हे वाचून तुझी आई दोन दिवस बोलली नाही. पण यंत्र जीपमधून उतरलं तेव्हा नारळ घेऊन तीच पुढे झाली. आपल्या मागच्या बांधावर, फणसाच्या वरच्या अंगाला बसवलंय. एक खांब, त्यावर पांढरा डबा, डब्याला वर नरसाळ्यासारखं तोंड आणि खाली एक पेटी. बाजूच्या खांबावर भोंगा आणि छोटी थाळी. ती म्हणे आभाळातल्या उपग्रहाशी बोलते.

बसवणारा माणूस अर्धा तास होता. त्याला आणखी दोन गावं करायची होती. चहासुद्धा उभ्यानं प्यायला. एक इंग्रजी पुस्तक दिलं, ते मी देवघरात ठेवलंय. मी विचारलं, काय काळजी घ्यायची? तो खालच्या पेटीवर हात आपटून म्हणाला, पाणी आत जाता कामा नये, बाकी काही करू नका. तू लिहिलंस जपा, तो म्हणाला पाणी नको. दोन्ही मी ध्यानात ठेवलंय.

रविवारी वाडीची बैठक झाली. ठमाबाईचा विषय निघाला. पावसाळ्यात ती रोज सकाळी वर झऱ्यावर जाऊन पाणी बघते. पाणी निवळ असलं तर काही बोलत नाही, लाल आलं तर थाळा वाजवते आणि सगळी वाडी खाली उतरते. तिची सासूही हेच करायची. त्याबद्दल घरटी पायलीभर भात तिला देतात. आजवर ठमाबाईनं तीनदा थाळा वाजवला. दोनदा काहीच झालं नाही आणि लोक हसले. तिसऱ्यांदा धोंडूची दोन खाचरं दरीत गेली. पण आता म्हातारीचे गुडघे गेलेत. मी म्हटलं, आता यंत्र आहे, ठमाबाईला विश्रांती द्या, भात मात्र चालू ठेवा. सगळ्यांना पटलं. ती एवढंच म्हणाली, भागोजी, यंत्राला झरा दिसतो काय रं? मी म्हटलं, माझ्या पोरीनं केलंय, सगळं दिसत असेल.

सुम्बुलला सांग, तिच्या कंपनीनं अजून दोन वर्षं अंडी उबवावीत.

आमची माया आहेच, तिला पोस्टाची वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
आप्पा

पुणे, ता. २७ जून २००५

ती. आप्पांस,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

सहा दिवस फोन लावतेय. खाली दुकानातला फोन नुसता घुंघुं करतो. खांब पडलाय का? म्हणून पत्र. तिकडे पाऊस आहे ना? विचारायचं कारण, आमच्या इथं भिंतीएवढ्या पडद्यावर वीस गावांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे आकडा. महाडकडच्या गावांचे आकडे रोज चढतायत. आपल्या वाडीपुढे मात्र बसवल्यापासून शून्य आहे.

साहेब म्हणाले, डोंगराच्या आडोशाला असं होतं. मी म्हटलं, आमच्या आडोशाला घोंगडी आठ दिवस वाळत नाही. ते हसले. मग म्हणाले, बिघाड असला तर समारंभानंतर बघू, आत्ता माणूस पाठवला तर त्याची नोंद होईल आणि नोंद झाली की वरचे विचारतील. मला ते आवडलं नाही, पण मीही गप्प बसले. सुम्बुलला सांगितलं, तर ती हसली नाही. तिनं विचारलं, बसवल्यानंतर तिथं कुणी राहिलं होतं का? मी म्हटलं, माझे आई-आप्पा राहतात. ती म्हणाली, ते नव्हे गं.

यंत्र ठीक दिसतंय का, एकदा बघून कळवा. आणि ठमामावशीला एवढ्यात बसवून ठेवू नका. माझ्यासाठी म्हणा हवं तर, पण तिला वर जाऊ द्या.

उत्तराची वाट बघते आहे. लोभाला मात्र वाट बघायला लावू नका.

तुमची,
अक्षदा

वरची वाडी, ता. ९ जुलै २००५

चि. अक्षदा हिस,
आप्पांचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. पाऊस विचारतेस? अगं, माणसाला माणूस दिसत नाही. फोनचा खांब मृगातच पडला. कशेडी घाटात माती येऊन दोनदा रस्ता बंद झाला. पोस्टमन चंदू आठवड्यातून एकदा कसाबसा वर येतो आणि आल्या आल्या चुलीत शिरतो.

वाडीपुढे शून्य आहे हे वाचून फार बरं वाटलं. मी ते ओळ न् ओळ सगळ्यांना वाचून दाखवलं. पुण्याहून बघतात, धोका शून्य. सहदेवनं खाली बहिणीकडे मुलांना पाठवायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. लावणी सुरू आहे, हात लागतातच.

यंत्राची काळजी नको. तू जपा म्हणालीस, ते मी हयगय न करता केलंय. तो माणूस गेल्यावर पहिल्याच सरीला मी बघितलं, तर वरचं नरसाळ्यासारखं तोंड उघडंच! सगळं पाणी सरळ आत. म्हटलं, पुण्यात पाऊस कसला असतो, यांना काय कळणार. त्याच संध्याकाळी धोंडूला महाडला पिटाळून नवी निळी ताडपत्री आणवली आणि डब्याला वरून खालपर्यंत गुंडाळून सुंभानं आवळून बांधली. आत थेंब जाईल तर शपथ. रोज सकाळी जाऊन गाठी बघतो. तुझी आई म्हणते, एवढं पोरीला लहानपणी कधी गुंडाळलं नाय.

फणसाच्या वर जमिनीला एक भेग पडली आहे, हातभर लांब. मी आणि धोंडूनं दगडमातीनं बुजवली. ठमाबाईला तुझा निरोप सांगितला. ती रुसली आहे. म्हणाली, तुमच्या यंत्राचा अपमान कशाला करू. पण चोरून जाते वर, मला माहीत आहे.

समारंभाला चांगली साडी नेस. आशीर्वाद पोस्टाच्या थैलीत भिजणार नाहीत अशा बेतानं पाठवले आहेत.

तुझा,
आप्पा

पुणे, ता. २१ जुलै २००५

ती. आप्पा,

तुमचं पत्र आज मिळालं. मायना लिहीत नाही, रागवा. हे वाचता वाचता उठा आणि आधी ती ताडपत्री सोडा. मग पुढचं वाचा.

आप्पा, ते यंत्र पाऊस मोजतं. नरसाळं पाऊस आत घेण्यासाठीच आहे. आत एक लहानशी वाटी आहे, ती भरली की टक्‌ करून उलटते. तेवढे टक्‌ मोजून यंत्र ठरवतं की डोंगर किती पाणी प्यायला. त्या माणसानं पाण्यापासून जपायला सांगितलं ते फक्त खालच्या पेटीला. शून्य म्हणजे धोका शून्य नव्हे. यंत्राला पाऊस दिसतच नाही. तुम्ही कितीही वाट बघितली तरी भोंगा वाजणार नाही. बुजवलेली भेग पुन्हा उघडली असेल तर एक तासही थांबू नका. ठमामावशी म्हणेल तसं करा. सगळ्यांना घेऊन खाली उतरा.

चूक तुमची नाही. जपा हे मी लिहिलं, आणि कशापासून ते लिहिलं नाही. मला वाटलं, बसवणारा सांगेल. बसवणाऱ्याला वाटलं, पुस्तकात आहे.

मी पत्र घेऊन साहेबांकडे गेले. भोंगा इथून वाजवता येतो, वाजवा म्हटलं. ते म्हणाले, आकडा नसताना भोंगा वाजवला तर वीसही गावांचा विश्वास जाईल, आणि समारंभ अकरा दिवसांवर. मग त्यांना ते पत्र फार आवडलं. म्हणाले, बघ, लोकच चुका दाखवतात, पुढच्या यंत्रावर तोंड उघडं ठेवा असं मराठीत छापू. दुपारी येऊन पाहिलं, तर पडद्यावरून आपल्या वाडीचं नावच काढलं होतं. आता एकोणीस गावं आहेत आणि सगळी व्यवस्थित आहेत.

सुम्बुल रडली. त्यांच्या वहीत हे सगळं होतं. लोक यंत्र झाकतात, कारण आपल्याकडे मोलाची वस्तू पावसात उघडी ठेवत नाहीत. म्हणून त्यांनी नरसाळं बदललं. पण त्यांचं शहाणं यंत्र कपाटात आहे आणि आमचं आंधळं यंत्र तुमच्या बांधावर. कुणाला दोष देऊ?

पोलादपूरला एकही फोन लागत नाही. आंबेनळीचा घाट बंद, ताम्हिणी बंद. वाट सापडली की मी निघतेच. पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र सुम्बुलच्या भावाबरोबर, बिलालबरोबर देते आहे. त्याचा ट्रक मुंबईच्या अंगानं फिरून महाडला जातोय. तो वाडीवर स्वतः आणून देईन म्हणालाय.

आप्पा, तुमचा माझ्यावरचा विश्वास आज थोडा कमी करा. एवढंच मागते.

अक्षदा

वरची वाडी, ता. २५ जुलै २००५, सकाळ

चि. अक्षदा हिस,
आप्पांचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. चंदू दोन दिवस वाडीवर अडकला होता, आता खाली निघालाय म्हणून घाईत चार ओळी. वर आला तेव्हा तो सांगत होता, महाडच्या बाजारपेठेत पाणी भरलंय, गाड्या जिथल्या तिथे उभ्या आहेत. जलीलशेठचा मुंबईहून आलेला ट्रकही पाण्यात आहे. बिलाल कुणाच्या तरी माळ्यावर बसलाय आणि वरच्या वाडीला जायचंय म्हणून ओरडतोय म्हणे. त्याचं इकडे काय काम, कळलं नाही. पाणी उतरलं की येईल तेव्हा विचारू.

आज उजाडता ठमाबाईनं थाळा वाजवला. म्हणे झरा काल लाल होता आणि आज वाहायचाच थांबलाय. पाणी आत साचतंय, डोंगर फुगलाय. भेगेतली माती आत बसली आहे हे खरं, मीही पाहिलं. लोक गोळा झाले. ठमाबाई आपली शेळ्या, सून, नातवंडं घेऊन चंदूबरोबर शाळेत चालली आहे. धोंडू आणि सहदेव माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तुझ्या आईनंही बोचकं बांधलं होतं. मी तिला ते खाली ठेवायला लावलं. खरं सांगू, क्षणभर मलाही वाटलं उतरावं. पण मीच उतरलो तर लोक म्हणतील, भागोजीलाच पोरीच्या यंत्रावर भरवसा नाय. मी सगळ्यांना सांगितलं, भोंगा वाजला की सर्वांत आधी मी निघेन. तेव्हा मंडळी आपापल्या घरी गेली. एकतीस घरं आहेत, चुली पेटल्या आहेत.

एक सांगायचं राहिलं. आज पहाटे वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक सुटलं. यंत्रातून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला, एकसारखा, थांबेचना. म्हटलं, पाणी शिरलं, पोरीचं यंत्र बिघडलं. तसाच पावसात धावलो आणि सुंभाचे तीन वेढे जास्त देऊन आवळलं. आता अगदी गप्प आहे.

तेव्हा तू काळजी करू नकोस. चंदू हाक मारतोय, पुरे करतो. माया आहे तशीच आहे. तू आलीस की सगळी दाखवतो.

तुझा,
आप्पा