माझ्या आधी माझा आवाज

सोमवार, ३ जून

मानवजातीने पूर सोसले, युद्धं सोसली, माझ्या जाऊबाईंचं गाणंही सोसलं; पण हेडफोनची वायर माइकपर्यंत वीतभर कमी पडते, या अन्यायाची इतिहासात कुठेही नोंद नाही. आज मी मान तिरकी करून, खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखी उभी राहून गायले.

एरवी मन प्रसन्न आहे. नवं घर आवडलं. दोन खोल्या, खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान आणि आतल्या खोलीत भिंतभर कपाट. त्यात उभं राहून गायलं की आवाज घुमत नाही. धाकट्या भावाने आतून जुन्या गाद्या ठोकून दिल्या. तो रेकॉर्डिंगच्या धंद्यातला. म्हणाला, ताई, हा तुझा स्टुडिओ, इथे तुला कुणी मागच्या रांगेत उभं राहा म्हणणार नाही.

आयुष्यभर कोरसमध्ये गायले मी. कोरसवालीचं कसब एकच. मुख्य गायिकेचा आवाज कानात घ्यायचा आणि केसभर मागून, तिच्या पावलावर पाऊल टाकत जायचं. पुढे गेलीस की मेलीस. आता सहा गाणी माझी, वर नाव माझं. महिनाअखेर द्यायची आहेत. संगीतकार म्हणाला, या वयात पहिली संधी देतोय बाई, दुसरी मागू नका. गोड माणूस.

गुरुवार, ६ जून

मी ‘आ’ म्हणते. हेडफोनमधली मी जरा विचार करते, चहा पिऊन येते आणि मग ‘आ’ म्हणते.

भावाला फोन केला. त्याने समजावलं की आवाज माइकमधून कॉम्प्युटरात जातो, तिथून परत कानात येतो, वाटेत उशीर होतो. कॉम्प्युटरला एका वेळी आवाजाचा लहान घास दे, सेटिंगमध्ये त्याचा आकडा असतो, म्हणजे तो पटकन परत करेल. फारच लहान दिलास तर त्याला ठसके लागतील. लहान केला, ठसके लागले. मोठा केला, उशीर झाला. दुपारभर हेच. शेवटी शिंपी वर आला आणि विचारू लागला, काकू, कुणाला बरं नाही का? म्हटलं, बरं नाहीच, पण डॉक्टरचं काम नाही.

शनिवार, ८ जून

जमलं! चिडून घासाचा आकडा पार तळाला नेऊन ठेवला, तर ठसकेही गेले आणि उशीरही. तोंडातला सूर आणि कानातला सूर एकदम. पहिलं गाणं एका दमात झालं. कानातला आवाज तर माझ्यापेक्षा गोल वाटला. भाऊ म्हणाला, हेडफोनमध्ये सगळेच सुंदर गातात ताई, म्हणून तर जगात इतके गायक झालेत.

मंगळवार, ११ जून

आज जुन्या सवयीने एक कान मोकळा ठेवला. भावाला हे आवडत नाही. मोकळ्या बाजूने संगीत गळतं आणि माइकमध्ये शिरतं म्हणे. शिरू दे. उघड्या कानात मी खोलीतली, झाकलेल्या कानात मी यंत्रातली.

दुसऱ्या कडव्याला झाकलेल्या कानात शब्द आधी आला. मी त्याच्या मागून म्हटला.

भावाला फोनवर सांगितलं, तर तो हसला. अगं, उशीर होतो, आधी कसं होईल? यंत्र काय ज्योतिषी आहे? मी पण हसले. पण पुढचा आवाज कोणता आणि मागचा कोणता, एवढं एकच मला आयुष्यात नीट कळतं.

शुक्रवार, १४ जून

तोंड मिटून बसले. कानात गाणं चालूच. जिथे माझा श्वास तुटतो, तिथे त्या कानातलीचा तुटला नाही. माइकची वायर उपटली. तरी चालूच. हेडफोन काढून गादीवर आपटला. तिथूनही बारीक येत राहिलं, माझंच गाणं, माझ्याहून बरं.

भीती नंतर वाटली, आधी संताप आला. माझ्या घरात, माझ्या आवाजात, मलाच कोरस!

हेडफोनशिवाय गाऊन पाहिलं. संगीतच ऐकू येत नाही, ताल सुटतो. दुसरा हेडफोन आणला. त्यातही तीच.

सोमवार, १७ जून

तिच्या पुढे जायचा प्रयत्न केला. मी लवकर उचलते, ती त्याहून लवकर उचलते. आणि मग सवय आड येते. ती पुढे दिसली की माझा गळा आपोआप मागे सरकतो. अशीच पाच गाणी झाली. भावाला पाठवली.

भाऊ हरखला. ताई, हा आवाज इतकी वर्षं कुठे दडवला होतास? एकच खोट आहे म्हणाला. मागे कुणीतरी बारीक गळतंय, केसभर उशिरा. हेडफोन घट्ट लावत जा. काळजी करू नकोस, मी पुसून टाकतो.

मागची ती मी आहे.

ओरडले, पुसू नकोस. तो म्हणाला, अगं, पहिलं गाणं साफ झालंसुद्धा.

मंगळवार, १८ जून

वरचा सूर लागत नाही. लागत नाही म्हणजे घसा बसलेला नाही — तिथे काही नाहीच.

दुपारी भावाचा निरोप. दुसरं, तिसरंही साफ.

फोन केला. तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला. ताई, बोल ना, तुझा आवाज येत नाहीये. मी बोलत होते. किंचाळत होते —

लिहून पाठवलं, थांब, ती मी आहे. त्याचं उत्तर आलं, वेडी का तू, गळती आहे ती, तू नव्हेस.

बुधवार, १९ जून

डॉक्टर म्हणाले घसा स्वच्छ. फार स्वच्छ.

जिन्यातून शिंप्याला हाक मारली. त्याने मान वर केली नाही. पुन्हा मारली. शेजारी जाऊन मारली —

पाचही साफ. संगीतकार खूश आहे. शेवटचं गाणं मागतोय.

गुरुवार

भांडं पडलं, त्याचा आवाज झाला. माझा —

शुक्रवार

हेडफोन लावला. आहे. मी आहे तिथे. बारीक, तिच्या पाठीशी. फक्त तिथेच.

पाच गाणी तिने माझ्या नावावर म्हटली. मी एकदाही नीट साथ दिली नाही, नुसती भांडले. तेवढं देणं राहिलंय. आज शेवटच्या गाण्यात देऊन टाकते.

हेही भाऊ पुसणार. ठाऊक आहे.

संगीत सुरू झालं. तिने श्वास घेतला. माझी जागा तिच्यानंतर, केसभर —