गडग्यापलीकडचं दुसरं झाड

मांडवी, रत्नागिरी
९ ऑक्टोबर २०२२

चि. सौ. मनस्वीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. वरच्या खोलीला रंग दिलास, मी कायमचं तिकडे राहायला यावं म्हणून जावईबापूंनी कपाटही करून घेतलं, हे वाचून बरं वाटलं. त्याबद्दल लिहीन सावकाश.

आधी एक काम. मार्चमध्ये मी पालमपूरला होतो, तेव्हा तुमचे घरमालक कटोचजी मला त्यांच्या रोपवाटिकेत घेऊन गेले होते. सफरचंदाची ती फुलं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. थोड्या थंडीवर भागणाऱ्याही जाती असतात, असं ते म्हणाले होते. आपल्या हवेत त्यातली कुठली तग धरेल, ते त्यांना विचार. परसात विहिरीकडे दहा हात जागा आहे. मध्ये घर असल्यामुळे खारा वारा तिथे लागत नाही. जागा एकाच झाडापुरती आहे, तेव्हा नीट निवडून एकच कलम पाठव.

सानवीचा अभ्यास घेतेस ना? तिला माझा पापा. उत्तर लवकर धाड आणि म्हाताऱ्यावर माया ठेव.

तुझे,
नाना

*

पालमपूर
२ नोव्हेंबर २०२२

ती. नानांस मनस्वीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून विनीत पोट धरून हसला. इथे सफरचंदं पेटीने मिळतात, नानांना हवी तेवढी पाठवू, पण समुद्राकाठी झाड कशाला, असं त्याचं म्हणणं. कटोचजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पाऊस किती, जमीन कसली, सगळं विचारून घेतलं आणि ‘ॲना’ ही जात सुचवली. पण ती एकटी लावून उपयोग नाही म्हणाले. फुलेल भरपूर, फळ जेमतेम धरेल. तिच्याच वेळेला फुलणारं दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं, ‘डॉरसेट गोल्डन’. आणि याचा पराग त्याला नेऊन द्यायला मधमाश्या हव्यात. तुमच्या दहा हातांत दोन झाडं कशी मावणार?

नाना, एक विचारते, रागावू नका. फळ धरायला तिसरं वर्ष उजाडतं म्हणे. तिसऱ्या वर्षी ते बघायला तिथे कोण असणार आहे? आई गेल्यापासून तुम्ही एकटे. एसटीच्या वर्कशॉपने तुमचे कान नेले, फोन वाजलेलाही तुम्हाला कळत नाही. गणपतीनंतर तुम्ही आठ दिवस तापाने पडून होतात, ते मला महिन्याने पत्रातून कळलं. इकडे येणार की नाही, तेवढं या वेळी स्पष्ट लिहा.

सानवी तुम्हाला नमस्कार सांगते. लेकीवर रोष धरू नये.

तुमची,
मनस्वी

*

मांडवी, रत्नागिरी
११ डिसेंबर २०२२

चि. सौ. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या झाडाला जागा मिळाली. आपल्या दगडी गडग्यापलीकडे, अझीमच्या परसात. तो जहाजावर असतो, घरी आसियाभाभी एकट्याच. त्यांच्या फणसाची फांदी आपल्या कौलांवर आली म्हणून मी न विचारता तोडली, तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. त्यामुळे तीन दिवस नुसता गडग्यापर्यंत जाऊन परत आलो.

चौथ्या दिवशी पलीकडे गेलो, तर त्यांच्या न्हाणीच्या भिंतीत सातेरी मधमाश्यांनी घर केलेलं, आणि जाळायला माणूस यायचा होता. मी म्हटलं, जाळू नका. त्यावर भाभींनी कॅलेंडरचं पान फाडलं आणि मला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की फणस तोडताना तुम्ही विचारलं होतंत का. मी म्हटलं, नाही विचारलं, चुकलं माझं. दोन वर्षांत एवढं एक वाक्य मला जमलं नव्हतं बघ.

मग मी भिंतीला तळहात लावला. आवाज तर कळत नाही, पण आत सगळं थरथरत होतं, बाजूला उभी असलेली गाडी चालू असावी तसं. भाभींनीही हात लावून पाहिला. जाळणाऱ्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात एका जाणत्या माणसाकडून आम्ही त्या माश्या पेटीत घालून घेतल्या. पेटी गडग्याच्या कडेला ठेवली आहे. एक झाड त्यांच्या बाजूला, एक माझ्या. त्यांच्या झाडाची फळं त्यांची, ही त्यांची अट.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की दोन्ही कलमं पाठव.

समजून घे, आणि दुरून का होईना, जीव लावत राहा.

तुझे,
नाना

*

पालमपूर
१४ जानेवारी २०२३

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

उत्तर समजलं. दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. कलमं घ्यायला गेले तेव्हा कटोचजींसमोरच रडू आलं, तर त्या भल्या माणसाने पैसे घेतले नाहीत.

मुळं ओल्या शेवाळात बांधून पाठवली आहेत. आपली जांभ्याची जमीन, म्हणून मातीचा उंचवटा करूनच लावा. पावसाचं पाणी बुडाशी साचलं की संपलं. आणि मोठी झाली की डिसेंबरात पाणी तोडून सगळी पानं हाताने खुडायची. एरवी तिथल्या उबेत झाड झोपत नाही, आणि झोपल्याशिवाय फुलत नाही.

माझीही एक अट. आसियाखालांना मी परस्पर फोन केला आहे. दर रविवारी त्या मला तुमची खबर देणार. यात तुमचं काही चालणार नाही.

तब्येत सांभाळा, आणि लेकीला धाकात ठेवायचं आता सोडा.

तुमची,
मनस्वी

*

मांडवी, रत्नागिरी
३० डिसेंबर २०२४

प्यारी मनस्वी, तुम्हा सगळ्यांना दुआ सलाम.

पत्र नानांचं, अक्षर माझं. पानं खुडताना ते स्टुलावरून पडले आणि मनगट मोडलं, हे तुला फोनवर सांगितलंच. धाड आवाज झाला तशी मी गडग्यावरून उडी मारली, या वयात! प्लास्टर सहा आठवडे आहे. जेवण माझ्याकडे होतं, काळजी नको.

ते सांगतात की सगळं ठीक आहे, असं लिही. मी लिहिते की ठीक आहे, पण माणूस हट्टी आहे. त्यांच्या झाडाची उरलेली पानं मी खुडली. ते खाली खुर्चीत बसून बोट दाखवत होते, हे राहिलं, ते राहिलं. येणारे-जाणारे बघून हसतात, की धडधाकट झाडं बोडकी केली म्हणून. मला पण खरं वाटत नव्हतं, पण आज माझ्या झाडाला दोन कळ्या दिसल्या. त्यांना हाताला धरून नेलं आणि दाखवल्या.

अझीम ईदला येतील. तू पण ये. अल्लाह तुम्हाला खुशाल ठेवो.

तुझी,
आसियाखाला

*

मांडवी, रत्नागिरी
१८ मे २०२५

चि. सौ. मनस्वीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हात आता लिहिता झाला, अक्षर वाकडं आहे ते चालवून घे.

दोन्ही झाडं एकाच आठवड्यात फुलली. माश्या सकाळी उन्हं आली की गडग्यावरून इकडे-तिकडे सुरू. माझ्या झाडाला चार फळं धरली, भाभींच्या सात. एक माझं कावळ्याने नेलं. परवा पहिलं कापलं आणि अर्धं त्यांना दिलं. आंबटगोड होतं. हापूसपुढे काहीच नाही, असं भाभींनी स्वच्छ सांगितलं आणि बियांपर्यंत खाल्लं. विनीतला कळव, हसायचं असेल तर आता हस.

तुझ्या पत्रांना मी नेहमी झाडांचीच उत्तरं दिली. ते बरोबर नव्हतं. मनगट मोडलं त्या दिवशी जमिनीवर पडल्या-पडल्या पहिल्यांदा वाटलं ते हे, की मनस्वीला कळलं तर काय म्हणेल. घाबरलो होतो गं मी. पण तेवढ्यात कोणीतरी धावत आलं. इथे माझ्याकडे धावत येणारं कोणीतरी आहे, म्हणून मी इथे राहतो. आणि तू तिथे वाट बघतेस, हेही मला रोज ठाऊक असतं.

पावसाळ्यात बागेत मला काही काम नाही. पेटीकडे भाभी बघतील. ४ जूनच्या गाडीने दिल्लीला येतो. तिथून पुढे पठाणकोटला न्यायला विनीतने दिल्लीलाच यावं, गाडी बदलताना एकट्याला स्टेशनवरच्या घोषणा कळत नाहीत. सानवीसाठी एक सफरचंद आणतो आहे. पालमपूरला सफरचंद घेऊन जाणारा म्हणून गाडीत लोक मला हसतील, हसू देत.

तीन महिने राहीन, तू म्हणशील ते खाईन. परत ६ सप्टेंबरला निघणार आहे. ते वाचून तोंड पाडू नकोस. पुढच्या जूनचं तिकीटही आत्ताच काढणार होतो, पण इतक्या आधी देत नाहीत म्हणे.

भेटीपर्यंत माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझे,
नाना