चार ॲप्रन आणि द्राक्षांचा मळा

रविवार, ता. ४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं बरं-बरं करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र. अक्षर बघून घाबरू नकोस. मनगटाचं मोडलेलं हाड पूर्वी होतं त्याहून पक्कं जुळलंय, असं डॉक्टर म्हणतात. लिहायला दुखत नाही, बादली उचलायला दुखत नाही. पण कापडावर कात्री ठेवली की हात थरथरतो. प्लास्टर काढल्यावर पहिल्याच दिवशी आठ थरांवर कात्री चालवली, ती आखलेल्या रेघेच्या दोन बोटं आत गेली आणि दवाखान्याचे आठ पांढरे कोट एका फटक्यात वाया गेले, हे तुला मागे कळवलंच आहे. तेव्हापासून दोन महिने मी कटिंगच्या टेबलाकडे पाठ करून बसते आणि तयार मालाच्या घड्या घालते. बावीस वर्षं ज्या टेबलाशी उभी राहिले, त्याच्या बाजूने जाताना आता अंग चोरते.

परवा कारखान्याच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. बाहेरून आणलेले कटिंग मास्तर या महिन्याअखेर परत जाणार आहेत. सोमवारी, सव्वीस तारखेला, मी सांगायचं: टेबल घेते, की बटणं लावायच्या खुर्चीवर बसते. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आता दुसरी बातमी, आणि ही वहिनींना आधी वाचून दाखव. आमच्या कारखान्यातल्या तिघी मला पळवून नेणार आहेत. तिघी तुला माहीत आहेत: काजवाली, जी काजं करता करता दिवसभर बोलते, इस्त्रीवाली, जी वयाने सगळ्यांत मोठी आणि कुणाच्याही अंगावरची चुणी बघवत नाही अशी, आणि आमची चेकर, जिचं कामच चुका काढायचं, आणि ते ती घरीदेखील फुकट करते. सोळा तारखेपासून तीन दिवस आम्ही चौघी द्राक्षांच्या मुलखात जातो आहोत. दगडी अतिथिगृह, भोवती मळे, तळघरात वाइनची पिंपं, आणि संध्याकाळी चव बघण्याचा कार्यक्रम. तुझ्या तोंडाचा झालेला चंबू मला इथून दिसतो आहे. म्हणून आधीच सांगते, मी फक्त वास घेणार आहे. निदान आज तरी तसं ठरलं आहे.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


गुरुवार, ता. ८

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की शेजारच्या बाई काय झालं ते विचारायला आल्या, आणि त्यांनाही पत्र परत वाचून दाखवावं लागलं. तेव्हा तुझी सहल आमच्या गल्लीत आता सर्वांना ठाऊक आहे.

वाइनच्या वाटेला मी कधी गेलो नाही, म्हणून त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. अधिकार नसताना बोलायची मला सवय आहे, असं वहिनीचं म्हणणं. पहाटे गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडताना मी थोडा वेळ देवाचं नाव घेतो, त्यात परवा मध्येच पिंपं आली. देवाने द्राक्ष केलं आणि माणसाने त्याला कोंडून ठेवलं, तर त्यात दोष कुणाचा, एवढ्यावर गाडी आली आणि तेवढ्यात खालच्या आळीचं पाणी पंधरा मिनिटं जास्त गेलं. तेव्हा तुझ्यामुळे काही लोकांचं भलंही झालं आहे. मजा कर. उपाशीपोटी मात्र वासही घेऊ नकोस.

आता थोरल्या भावाचं बोलणं. तू खुर्ची घे. बटण लावणं हलकं काम नाही. बटणाशिवाय कोट म्हणजे नुसतं पांघरूण. वय वाढेल तसं माणसाने एकेक ओझं उतरवत जावं. त्या टेबलाशी रोज जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि पुन्हा एकदा आठ कोट गेले की रडायचं, हे कशाला? तू पाचवीत असताना पाण्यात पडलीस, तेव्हा मी महिनाभर तुला विहिरीकडे फिरकू दिलं नव्हतं. तसंच समज.

वहिनी म्हणते, मी हे लिहू नये. मी लिहिलं आहे. तिघींना माझा नमस्कार सांग, चेकरबाईंना जरा लांबूनच.

तुझ्या सुखात आमचं सुख आहे, एवढं धरून चाल.

तुझा,
दादा


शनिवार, ता. १७, अतिथिगृहातून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं खुर्चीचं वाचून मी दोन दिवस तुझ्यावर फुगले होते. आज मात्र फुगायला पोटात जागाच नाही, इतकी हसले आहे. पहिल्यापासून सांगते.

इस्त्रीवालीने निघताना चौघींसाठी कारखान्याचे चार ॲप्रन आणले होते, धुतलेले, कडक इस्त्रीचे. वाइनचा डाग सात जन्म जात नाही, असं तिचं म्हणणं. कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलं होतं की सकाळी सात वाजता फाटकापाशी जमावं, मळ्याची फेरी आहे. आता आम्हाला वीस-बावीस वर्षं कारखान्याच्या घंटेची सवय. आम्ही साडेसहालाच ॲप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून, ओळीने फाटकाशी उभ्या.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला, मागे ट्रॉली, ट्रॉलीत सात-आठ बायका. पुढे एक धिप्पाड मुकादमीण. तिने आम्हाला बघताच झाडायला सुरुवात केली, की सहाची वेळ दिलेली असताना तुम्ही इथे शोभेला उभ्या आहात का, चढा. आम्ही चढलो. दादा, चौघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की पाहुण्यांना असं कुणी ओरडत नाही. काजवाली तर कौतुकाने म्हणाली की फेरी फार शिस्तीची दिसते.

मळ्यात एकेकीला एकेक ओळ दिली, क्रेट दिले आणि छोटी वाकड्या पात्याची कात्री. मी म्हटलं की मी नुसती क्रेट धरते, माझा हात बरा नाही. मुकादमीण म्हणाली की हात दिसतोय तर चांगला धडधाकट, आणि कात्री माझ्या मुठीत कोंबून पुढे गेली. घड खालून तळहातावर घ्यायचा, देठ कापायचा, क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. इकडे काजवालीने आपल्या जावेची गोष्ट सुरू केली. जावेने नवऱ्याचा विग वाळत घातला आणि तो शेजाऱ्यांच्या कुत्र्याने पिल्लू समजून तोंडात धरून नेला, अशी काहीतरी. ती गोष्ट चार ओळी संपल्या तरी संपेना. मध्येच इस्त्रीवाली आपलं एखादं स्वप्न घुसवायची. चेकर आपली ओळ सोडून इतर बायकांच्या क्रेटमधले सडके मणी काढत फिरत होती, आणि मुकादमीण तिच्यावर फार खूश होती.

साडेदहाला चहा आला. मुकादमीण हजेरीला नावं विचारू लागली, तेव्हा चेकरने तक्रार केली की फेरी बरी आहे, पण मळ्याची माहिती कुणी काहीच सांगितली नाही. मुकादमिणीने हजेरीची वही मिटली. मग धावाधाव. तर झालं होतं असं, की ठेकेदाराने पाठवलेल्या खऱ्या चौघी मजुरणींची गाडी वाटेत बंद पडली, त्या सातला फाटकाशी पोचल्या, आणि माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी त्यांनाच पाहुण्या समजून हार्दिक स्वागत केलं. तळघर दाखवलं, पिंपांचा इतिहास सांगितला, दोन-दोन पेले हातात दिले. आम्ही परतलो तेव्हा चौघी ओसरीत वेताच्या खुर्च्यांवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली की नवा मालक देवमाणूस दिसतो. आम्हाला त्यांना उठवायचा धीर झाला नाही. आम्हीही शेजारी बसलो.

आणि आता जे सांगायचं ते. चहाच्या वेळी चेकर माझ्या ओळीतून फिरून आली आणि रुक्षपणे म्हणाली, की तुझे अकरा क्रेट झालेत, एकाही देठाला ओरखडा नाही. मी हाताकडे बघितलं. कात्री अजून मुठीत होती. चार तास, दादा. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला रडू आलं आणि सगळ्या हसायला लागल्या. मग इस्त्रीवालीने सांगून टाकलं. माझ्या हातात कात्री आली तेव्हाच तिघींनी डोळ्यांनी ठरवलं होतं, की हिच्या हाताकडे कुणी बघायचं नाही आणि बोलणं थांबू द्यायचं नाही. जावेची खरी गोष्ट दुसऱ्या ओळीतच संपली होती. कुत्रा काजवालीने पदरचा घातला.

पण देठ म्हणजे आठ थर नव्हेत, हे मलाही कळतं. देठ चुकला तर कुणाचं काही जात नाही. सव्वीस तारीख अजून तिथेच आहे.

संध्याकाळी चव बघितली. सांगणारे गृहस्थ पेला फिरवून म्हणत होते की हिच्यात ओल्या लाकडाचा वास आहे. इस्त्रीवालीने नाक घातलं आणि म्हणाली, छे, हा ओल्या लोकरी कोटावर गरम इस्त्री टेकवल्याचा वास. गृहस्थांनी पुन्हा हुंगलं, विचार केला आणि वहीत लिहून घेतलं. मी एक पेला घेतला. दुसरा अर्धा. पोट भरलेलं होतं.

उत्तर धाड, रागावूनच हवं तर. पण धाड.

तुझी,
धाकटी


बुधवार, ता. २१

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी पंपघरात उभ्याने वाचलं आणि एकटाच हसत राहिलो. मग तुझ्या रडण्याशी आलो, आणि जरा बसावं लागलं. रागवायला म्हणून लेखणी घेतली आहे, राग काही येत नाही. दीड पेल्याचं देव आणि तू बघून घ्या.

खुर्चीबद्दल मी लिहिलं, ते मागे घेतो. का, ते सांगतो, आणि हे वहिनीलाही मी आजच सांगितलं. पाच वर्षांपूर्वी टाकीच्या शिडीवरून माझा पाय सटकला होता. पडलो नाही, दोन हातांनी लोंबकळलो. त्यानंतर मी एकदाही वर चढलो नाही. पाणी किती आहे ते बघायला जोडीदाराला पाठवतो आणि गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघे ठणठणीत आहेत. वहिनी म्हणाली की तिला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पाच वर्षं ती माझ्या गुडघ्याला तेल लावते आहे.

तेव्हा तुला खुर्ची घे म्हणणारा तुझा दादा नव्हता, तो शिडीला लोंबकळणारा माणूस होता. आपली भीती मी शहाणपण म्हणून तुझ्या पाकिटात घालून पाठवली. विहिरीचंही तेच. तू महिन्याने पुन्हा पोहायला लागलीस; विहिरीच्या काठाशी उभं राहून कापत मी होतो.

काय कर, हे मी सांगणार नाही. सोमवारी सकाळी व्हॉल्व्ह सोडताना तुझं नाव घेईन, मग कुणाच्या आळीला जास्त पाणी जायचं ते जावो. काहीही ठरलं तरी या घरात तुझं पान मांडलेलंच आहे.

ममता आहे, ती मोजून बघू नये.

तुझा,
दादा


मंगळवार, ता. २७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. गुडघ्याच्या तेलावर आम्ही चौघी अर्धा तास हसलो. माफ कर, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय राहवलं नाही. इस्त्रीवाली म्हणाली की अशी वहिनी मिळायला पुण्य लागतं.

काल सोमवार. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. मास्तरांनी आठ थर अंथरून, वर कागद ठेवून, खडूने आखून ठेवलं होतं. मी कात्री घेतली आणि सगळा कारखाना थांबला. शिलाईची यंत्रं बंद, इस्त्रीची वाफ बंद. सगळ्या माझ्याकडे बघताहेत. हात थरथरायला लागला, अगदी पहिल्यासारखा. काजवालीने विगाची गोष्ट पुन्हा काढली, पण ती जावेच्या पुढे सरकेना.

मी कात्री खाली ठेवली. मालकीणबाईंकडे गेले आणि म्हटलं की मला खुर्ची नको आणि आठ थरही नकोत. मला एक थर द्या. त्या म्हणाल्या की एकेक कोट कापत बसलीस तर दवाखान्यातले डॉक्टर उघडेच फिरतील. मी म्हटलं की आज एक, उद्या दोन, असं करत मी आठांपर्यंत येते, तोवर मास्तरांना ठेवून घ्या; आणि नाही आले तर मी स्वतः खुर्चीवर जाऊन बसेन, तुम्हाला सांगावं लागणार नाही. हे मी आधी ठरवून गेले नव्हते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, बरं, एक.

एक थर कापला. पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, खिसे, शेवटी कॉलर. हात थरथरत होता, तरी कापला, दादा. हात थांबायची वाट बघितली नाही. कॉलरच्या वळणावर घाम डोळ्यांत गेला, तेव्हा थांबले, पुसला आणि पुढे गेले. पहिल्या मशीनवरच्या बाईने तो तिथल्या तिथे शिवायला घेतला. काजवालीने काजं केली. बटणं लागली. इस्त्रीवालीने असा दाबला की तो कोट आपल्या पायांवर उभा राहिला असता. शेवटी चेकरकडे.

तिने वीस मिनिटं घेतली. टेप लावली, उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला. मग तिने जाहीर केलं की एक चूक आहे. तर वरून तिसरं काज एका धाग्याने तिरकं होतं. कापण्यात काही नाही. एवढं बोलून तिने कोट मंजुरीच्या ढिगावर ठेवला, आणि आपलं नाक पुसलं.

काजवाली भडकली. बावीस वर्षांत तिच्या काजाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवायला हाच दिवस सापडला का, असं ती सगळ्यांना विचारत फिरते आहे. तिने त्यानंतर चेकरशी बोलणं टाकलं आहे. चेकर म्हणते की काज तिरकं ते तिरकं, मैत्रीने सरळ होत नाही. आज दिवसभर दोघींचे निरोप मी इकडून तिकडे नेत होते, आणि मधल्या वेळात दोन थर कापले. हात दुपारी जेवणापर्यंतच थरथरला. इस्त्रीवाली म्हणते की चला, कारखाना पूर्ववत सुरू झाला.

लोभ वाढवायचा असेल तर घाई करू नकोस. एकेका थराने वाढव.

तुझी,
धाकटी