लाँचवरची एक जागा

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुपारचे अडीच

चि. खारूताई,

अनेक आशीर्वाद. तू जिथे नांगर टाकून बसली आहेस तिथे देव तुझ्या पाठीशी आहेच, तरी मी सकाळ-संध्याकाळ त्याला आठवण करून देते. त्यालाही व्याप असतात.

इकडे सर्व कुशल आहे.

हा कागद नवा आहे, हिशेबाच्या वहीचं मागचं पान नाही. ते बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. फक्त लिहायचं जास्त आहे. आणि हसू नकोस, दोन्ही बाजूंनी लिहिणार आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे नेहमीचा साबण संपला. विचारलं तर म्हणाला, "काकू, लढाई त्यांची, आणि फळी माझी रिकामी." साबणाचं तेल म्हणे त्याच समुद्रातून येतं. मी म्हटलं, "त्याच समुद्रात माझी मुलगी अडकली आहे, तुमचा साबण थांबला तर थांबू दे." त्या बिचाऱ्यानं आपल्या घरातली अर्धी वडी कागदात गुंडाळून दिली. पैसे घेईना. अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय.

चौथ्या गल्लीतल्या उंच इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे. एक सुटा भाग हवा, तो कुठल्याशा जहाजावर, आणि ते जहाज कुठल्याशा बंदरात. सातव्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं आहेत, त्यांना खाली उतरता येत नाही. तर तुझे बाबा आठ दिवस रोज दोन वेळा सात मजले चढतात. जुन्या लिफ्टचा भाग घासूनपुसून बसवायची खटपट चालली आहे, आणि जाताना त्या दोघांचं दूध आणि औषध वर नेतात. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. धापसुद्धा लागत नाही.

आता हे वाचून तू चमकली असशील. चमकायलाच हवं.

वर लिहिलेलं "सर्व कुशल" हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहिते आणि तू ते प्रत्येक वेळी ओलांडून पुढे जातेस. आज मागे जा आणि नीट वाच. सर्व, म्हणजे बाबाही. बाबांना काही झालेलं नाही. छातीत दुखलं नाही, दवाखान्यात ठेवलं नाही, डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. ते सगळं मी रचलं.

आता सरळ सांगते. मागच्या सोमवारी बातम्यांत दाखवलं की तुमच्या शेजारी नांगरलेल्या जहाजावर काहीतरी येऊन पडलं आणि ते पेटलं. तुमचंच जहाज आहे असं मला पाच मिनिटं वाटलं. ती पाच मिनिटं मी तुला कशी सांगू. मंगळवारी सकाळी पूजा झाली, आणि हात जोडले होते तेच हात फोनला लावले. कंपनीत खलाशांच्या रजेचं बघतात त्या बाईंना म्हटलं, माझ्या यजमानांना हृदयाचा त्रास आहे, मुलीचं नाव घेतात, तिला पाठवा. त्या म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद लागेल. मी म्हटलं, धावपळीत आहे, पाठवते. तर त्या म्हणाल्या, "राहू दे, कागद मागाहून चालेल. आई असल्या बाबतीत खोटं कशाला बोलेल?"

शुक्रवारी त्यांचा फोन आला. गुरुवारी जहाजावरून माणूस न्यायला लाँच येणार, तिच्यात तुझं नाव. मी देवापुढे जास्तीची वात लावली. बघ कशी बाई मी, देवालाच त्या खोट्यात ओढलं.

आणि रविवारी तुझी फोनची दहा मिनिटं आली. कंपनीनं तुला कळवलेलंच होतं, तू पहिल्याच वाक्यात म्हणालीस, "बाबांना फोन दे." मी म्हटलं, झोपलेत. ते तेव्हा सातव्या मजल्यावर पाना घेऊन लटकत होते. तुझा आवाज असा झाला होता की तुला लहानपणी ताप आला होता तेव्हाही तसा झाला नव्हता. तरी मी बोलले नाही. वाटलं, येईल तेव्हा दार उघडताच सगळं कळेल, रागावेल, पण घरात उभी राहून रागावेल. मला तेवढं पुरे होतं.

काल दुपारी एक बाई आली.

बाबा जेवायला नुकतेच घरी आलेले, हात कोपरापर्यंत काळे. बेल वाजली तर त्यांनीच दार उघडलं. दारात तिशीची, हातात पिशवी, बसच्या धुळीनं माखलेली. म्हणाली, "नमस्कार. आजारी काकांना बघायला आलेय. तुमच्या मुलीच्या जहाजावर आमचे हे भंडारी आहेत." स्वयंपाक्याला तुमच्यात भंडारी म्हणतात, ते मला तुझ्यामुळे ठाऊक.

बाबा म्हणाले, "आजारी काका कोण?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं बाबांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. एवढंच. आणि बाबांना म्हणाली, "मीच काहीतरी चुकीचं ऐकलं वाटतं. तुम्ही ठणठणीत आहात, बरं झालं. पाणी मिळेल का?"

तिला आत घेतलं, पाणी दिलं. बाबा हात धुवायला मोरीत गेले तेव्हा मी तिच्यापुढे मान वर करू शकले नाही. ती हळूच म्हणाली, "काकू, बसा. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आमच्याकडे सासऱ्यांचं दुखणं खरं आहे म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही, एवढाच फरक."

मग एकेक कळलं. सासऱ्यांच्या पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, आठवडा म्हणा नाहीतर दहा दिवस. मुलगा सोळा महिने पाण्यावर आहे. जहाजावर नियमानं सतरा माणसं राहायलाच हवीत, आणि तुम्ही आहात अठरा, म्हणजे सुटेल तो एकच. गुरुवारच्या जागेवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. शुक्रवारी ते खोडून तुझं घातलं. मी जे तोंडानं बोलले, ते त्या बाईच्या घरी खाटेवर पडलेलं होतं गं.

आणि एवढं होऊन ती आम्हाला शिव्या द्यायला आली नव्हती. तीन तास बस बदलत आली, कारण जहाजावरच्या कुणाच्या घरी दुखणं आहे आणि आई एकटी असेल. पिशवीत शिजवलेलं जेवण होतं. शिवणकाम करते, त्यातही दोरा आणि बटणं मिळेनाशी झाली आहेत, सगळं त्याच लढाईत अडकलंय, तरी एक दिवस बुडवून आली.

मी म्हटलं, "जागा तुमची होती, मागायला का नाही आलात?"

म्हणाली, "मागून काय करू? तुमची मुलगी आहे म्हणून आमचे हे इतके दिवस ताळ्यावर राहिले. एक विनंती आहे. ती आली की एकदा आमच्याकडे पाठवा. सासऱ्यांना सांगायला हवं की मुलगा खरंच बरा आहे. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा. म्हणतात, फोनवर सगळेच बरे असतात."

मग तिनं मला माझ्याच मुलीबद्दल सांगितलं, आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. तू दोनदा स्वतःचं नाव मागे घेतलंस म्हणे. एकदा इंजिनावरच्या त्या माणसासाठी, ज्याची बायको बाळंत व्हायची होती, आणि एकदा म्हाताऱ्या सुतारासाठी. मी तीन महिने त्या कंपनीला कोसते आहे की माझ्या पोरीचा नंबर कसा लागत नाही, आणि पोरगीच नंबर पुढच्याला देऊन मोकळी होते आहे. पाणी मोजून मिळतं तेव्हा तू आधी इतरांना घेऊ देतेस. संध्याकाळी सगळ्यांना डेकवर बसवून घरची पत्रं मोठ्यानं वाचायला लावतेस, म्हणजे ज्याला पत्र नाही त्यालाही ऐकायला मिळतं. माझी पत्रंही वाचतेस का गं? त्यातलं वांग्याच्या भावाचं रडगाणं अठरा माणसांनी ऐकलं असेल तर मला तोंड लपवायला जागा नाही. हे पत्र मात्र वाचू नकोस. नाही, वाच. भंडाऱ्यांना तर वाचूनच दाखव.

तू जहाजावर जायचं म्हणालीस तेव्हा मी म्हटलं होतं, बायकांनी पाण्यावर काय करायचं. आठवतं ना? मी मॅट्रिक झालेली बाई, मला वाटायचं मला जगातलं बरंच कळतं. काल कळलं की माझ्या घरात कोण वाढलं ते मलाच माहीत नव्हतं.

ती गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टॉवेलनं कोरडे हात पुसत राहिले. मग विचारलं, "मला आजार कुठला दिला होतास?"

"हृदयाचा."

"बरं केलंस. गुडघ्याचा दिला असतास तर खोटं झालं नसतं."

मी रडायला लागले तर म्हणाले, "रडतेस कशाला, फोन कर. आज ऑफिस बंद झालं असेल तर उद्या नऊला कर." हसवलं, पण रात्रीचं जेवण अर्धवट टाकून उठले. तुला बघायला तेही तितकेच आसुसले आहेत. फक्त ते पान्यानं बोलतात, मी तोंडानं.

आज नऊला फोन केला. त्या बाईंना म्हटलं, मी खोटं बोलले, माझे यजमान धडधाकट आहेत, जागा भंडाऱ्यांची आहे, त्यांना द्या. त्यांनी कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "नाव आजच बदलते. पण तुम्हाला माहीत आहे ना, हा गेला की सतरा होतील. मग बदली माणसं येईपर्यंत कुणीच सुटणार नाही. ती कधी येतील ते मी नाही सांगू शकत, ते लढणारे सांगतील." मी म्हटलं, माहीत आहे. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फोन केलात ते बरं केलंत, आई." मी खोटं बोलले म्हणून तुला दोष लागणार नाही, हेही विचारून घेतलं. तुझ्या नावापुढे काही लिहिणार नाहीत.

उद्या कॅप्टनसाहेब तुला बोलावून सांगतील. त्यांच्यावर रागावू नकोस, भंडाऱ्यांवर तर नकोच. त्यांना वाईट वाटून ते जागा परत तुला देऊ बघतील, तशी जात दिसते त्यांची, बायकोवरून सांगते. घेऊ नकोस. त्यांना लाँचमध्ये ढकल. तू बॅग भरली असशील. मला ठाऊक आहे, बाबांच्या काळजीतही घरी यायचं म्हणून मनात कुठेतरी हलकं वाटलं असेल, आणि त्याची तुला लाज वाटली असेल. ती लाज वाटून घेऊ नकोस, ती सगळी माझ्या खात्यावर. बॅग उघड आणि कपडे पुन्हा कपाटात ठेव.

आता स्वयंपाक कोण करणार? तू म्हणत होतीस, भंडारी गेले तर पाळी तुझ्यावर. देव उरलेल्या सोळा जणांचं रक्षण करो. मीठ शेवटी टाक आणि तेल मापानं वापर, तुमच्या भांडारात ते उरलं असेल तर. आणि तुमच्या जहाजाच्या पोटातल्या त्या हजारो गोण्या खताच्या, त्या कुणाच्या शेतात वेळेवर पोचायच्या होत्या ते तू मला नकाशावर दाखवलं होतंस. त्या अनोळखी माणसांसाठीही आता रोज दोन शब्द देवापाशी बोलते. पूर्वी नुसतं तुझं मागायचे.

भंडाऱ्यांच्या बायकोला सकाळीच कळवलं. ती रडली, मग म्हणाली, "काकू, मग सासऱ्यांना सांगायला तुमची मुलगी नको, मुलगाच येईल." मी परवा तिच्याकडे जाणार आहे, तीन तास बस बदलत, आणि तो घरी पोचेपर्यंत राहणार आहे. घरी बसून घड्याळाकडे बघण्यापेक्षा बरं. तिच्या घरात पोरगा दारातून आत येताना मला बघायचं आहे. एका आईनं तेवढं बघावं.

बाबा या पत्राचे फोटो काढून पाठवतील. वाचणार नाही म्हणालेत, म्हणजे वाचतील.

तुला खोटं सांगून जे रडवलं त्याची माफी मागते. खरं सांगून जे करते आहे त्याची मागत नाही. जपून राहा, डोक्यावर टोपी घाल, आणि शेजारी आग दिसली तर सगळ्यांत आधी बाकीच्यांना बोटीत बसवू नकोस, निदान बरोबर बस. एवढं आईचं ऐक.

आज देवाकडे एकच मागणं केलं, गुरुवारी लाँच वेळेवर येऊ दे.

गुरुवारी तुझी वाट न पाहणारी,
तुझी आई