रोज किमान दहा पाने

ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर
२८ मे

आदरणीय वामनभाऊ,

धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, वहिनींचं ब्लडप्रेशर खाली आलं का, आणि कूलरमध्ये वाळा घालायचा की गवत यावरून तुमच्या दोघांचं जे बोलणं बंद होतं ते सुरू झालं का, हे सविस्तर कळवावं. इकडे मी ठणठणीत आहे. पारा सत्तेचाळीसवर आहे. दुपारी रस्त्यावर दोनच जीव दिसतात, एक रुखमाची बकरी आणि दुसरी मी. (बकरीला घरी बोलावलं की ती जाते, एवढाच फरक.)

तुमचं पत्र मिळालं. ते पत्र नव्हतं, नोटीस होती. तुम्ही दोन ट्रंका भरून दोनशे चौदा पुस्तकं इथल्या मुलांसाठी दिलीत, हे तुमचे उपकार. पण पुढे लिहिता की मुलं उन्हाळ्यात पुस्तकाला हात लावत नसतात, एकतीस मेपर्यंत वीस मुलं खरोखर वाचती झाली नाहीत तर टेम्पो पाठवून सगळी पुस्तकं परत आणीन आणि आमच्या कॉलनीच्या क्लबात काचेच्या कपाटात ठेवीन. भाऊ, काचेमागे पुस्तकं मासोळ्यांसारखी नुसती दिसतात. मी एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, मला असली धमकी चालत नाही. तरी मुदत संपायला तीन दिवस आहेत म्हणून खरा अहवाल पाठवते. टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी शेवटपर्यंत वाचावा.

दोन मेला मी विहाराशेजारच्या खोलीत वाचनालय उघडलं. भिंतीला लाकडी फळ्या ठोकून घेतल्या, त्यांना क्रमांक दिले, बाहेर पाटीवर खडूने लिहिलं, ‘मुलांनो, या आणि वाचा.’ तीन दिवसांत एकही मूल आलं नाही. पाटी दिसली की पोरं रस्त्याच्या पलीकडून जायची. विहार कमिटीचे अध्यक्ष बापूराव तेवढे रोज यायचे आणि पंख्याखाली झोपायचे. (घोरण्याच्या आवाजाला वाचन धरत असाल तर एक संख्या तिथे मिळते.) चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की पोरं घाबरतात ती ‘वाचा’ या शब्दाला. शाळा सुटली तरी तो शब्द मागे लागलेला. म्हणून मी तो शब्द पुसून टाकला आणि माझ्या उत्तम हस्ताक्षरात नवी पाटी लिहिली. ती जशीच्या तशी देते: ‘सुट्टीत रोज किमान दहा पाने. पाने रोज सकाळी अकरा वाजता इथे मोजली जातील. फाटके किंवा मळके पान चालणार नाही. सर्वांत जास्त पाने करणाऱ्यास बक्षीस. सध्या फळी क्रमांक एक खुली आहे. – अंजनाबाई.’

आता तुम्हाला गाव सोडून चाळीस वर्षं झाली, तेव्हा आठवण करून देते. हा मे महिना आहे. मे महिन्यात आपल्याकडे पान म्हणजे तेंदूचं, बिडीचं पान. पहाटे अख्खं गाव जंगलात जातं, पानं तोडून आणतं, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं आणि अकराच्या सुमाराला मोजून द्यायला नेतं. आणि जिथे मोजून देतात त्या जागेला म्हणतात फळी. हे सगळं मला जन्मापासून ठाऊक आहे. पण पाटी लिहिताना माझ्या डोक्यात व्याकरण होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी दार उघडलं तर रांग हातपंपापर्यंत गेलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर पुडे. पहिली सोमारी, मागे तिची नात सरिता. सोमारीने गाठोडं माझ्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरवरच उतरवलं आणि म्हणाली, “घ्या बाई, मोजा. पण दहाच पानं काऊन लिवलं? आमी त दिवसाले शंभर पुडे करतो.”

मी म्हटलं, अगं ही पानं नव्हेत. तिने एक पान काढून माझ्या नाकासमोर धरलं. “मंग हे का होय, भेंडी?”

मागून रुखमा ओरडली, “बाई फाटके पानं पाहून राह्यली असन, जरा दम धरा!” तेवढ्यात गावच्या खऱ्या फळीवर पुडे मोजून घेणारे मुन्शी नूर मोहम्मद सायकल ढकलत घामाघूम होऊन आले. त्यांची फळी सकाळपासून रिकामी. “बाई, हे काय लावलं तुमी? तिकडे माही फळी, इकडे तुमची फळी, मी ठेकेदाराले काय सांगू?” एवढं बोलून त्यांनी पाटी वाचली, मग आत डोकावून भिंतीवरची फळी क्रमांक एक पाहिली, मग पुन्हा पाटी वाचली, आणि हँडल सोडून हसायला लागले. सायकल पडली, घंटी वाजत राहिली. “अरे, हे त किताबीचे पानं होत!”

मी हसले नाही. (आतून थोडं.) मी शाळेतल्या आवाजात सांगितलं की चूक माझी आहे, पुडे उचला आणि निघा. सगळे उठले. मुलंही उठली, आणि मला स्पष्ट दिसलं की ही आता पुन्हा इकडे फिरकणार नाहीत, तुमचा टेम्पो दारात उभा आहे. तेव्हा नूर मोहम्मदच म्हणाले, “तुमाले पोट्टे पायजे ना? पोट्टे माह्या लाइनीत रोज दोन घंटे बसून राह्यते, एकमेकाचे केस ओढते. तिथं या.”

यंदा जंगलात वाघाची ये-जा फार, म्हणून मुलांना पानं तोडायला नेत नाहीत. ती पुडे बांधतात आणि मोजणीच्या रांगेत मायबापांसोबत बसतात. तर सात मेपासून मी मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकली. पुस्तक नेलं ते ट्रंकेत सगळ्यांत वर होतं म्हणून, आवडीचा प्रश्न नव्हता. कव्हर गेलेलं, नाव गेलेलं, आणि आत निघाली खुनाची गोष्ट! एक डॉक्टर आतून कडी लावलेल्या दवाखान्यात मरून पडलेला, आणि संशय कंपाउंडरवर नाहीतर झाडलोट करणाऱ्या मावशीवर. असली पुस्तकं तुम्ही जपून ठेवता हे पाहून खेद वाटला. पण नियम केला: दहा मुलांनी दहा पाने, एकेकाने एक, मोठ्याने.

पहिल्या दिवशी मुलं अक्षरांना ठेचकाळत होती. तिसऱ्या दिवशी उद्याची पाळी कोणाची यावरून मारामारी. बाया पुड्यांवर बसून ऐकायच्या आणि शिकवायच्या मलाच. “ए सरिता, मुडद्याजवळ आली त आवाज काऊन बसला? जोरानं वाच!” संघपाल स्वल्पविरामाला न थांबता पळाला तर मी डोळे वटारायच्या आत रुखमाने त्याला ढोसलं. विषाची बाटली सापडली त्या दिवशी मुन्शींनी सोमारीचे पुडे तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे भरले. कंपाउंडर निर्दोष आहे यावर ते ठाम होते, कारण जो माणूस दिवसभर गोळ्या मोजतो त्याला खुनाला वेळ कुठून मिळणार? त्यावरून गावात कंपाउंडर पार्टी आणि मावशी पार्टी पडली. बापूराव दोन्ही पार्ट्यांत होते.

आणि मग आली वीस तारीख. फळीचा शेवटचा दिवस. सरिता एकशे चाळीसावं पान वाचत होती: इन्स्पेक्टरने सगळ्यांना दवाखान्यात बसवलं, कडी लावली आणि म्हणाला, खुनी याच खोलीत आहे, त्याचं नाव... तिने पान उलटलं. पुढे पानच नाही. शिवणीत आठ कागदांच्या फाटक्या कडा तेवढ्या, म्हणजे सोळा पाने गायब. भाऊ, सत्तेचाळीस डिग्रीत सव्वाशे माणसं एकदम गार झालेली मी पहिल्यांदा पाहिली. मी वेळ निभावायला शेवट सांगितला, की कंपाउंडरला पश्चात्ताप झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात राहून बी.ए. केलं. कोणी टाळी वाजवली नाही. संघपाल म्हणाला, “बाई, हे तुमी मनानं सांगून राह्यल्या.” सोमारी म्हणाली, “मास्तरीन बाईच्या गोष्टीत मुडदाबी परीक्षा देते.”

फळी बंद झाली, वाचन संपलं, असं मी धरून चालले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाचनालयाच्या दारात पोरांची झुंबड. गेलेली पाने दुसऱ्या एखाद्या पुस्तकात अडकली असतील, आम्ही शोधतो! दोनशे तेरा पुस्तकं, पान न् पान उलटलं. सापडलं काय, तर तुमच्या हातची धोब्याची यादी (सहा लेंगे, चार बनियन) आणि एक वाळलेली पाल. पण झालं असं की संघपाल सापांच्या पुस्तकात शिरला तो दुपारपर्यंत बाहेरच आला नाही. सरिता समुद्रप्रवासाच्या पुस्तकात अडकली आणि मला विचारते, “बाई, समुद्राले त्या बाजूनं काठ रायते का?” एकेक जण शोधायला वाकला आणि तिथेच बसला. आज आठवा दिवस. रजिस्टरवर चौतीस मुलांच्या सह्या आहेत, बापूराव सोडून. पंख्याखाली जागा नाही म्हणून ते आता घरी झोपतात.

तेव्हा टेम्पो पाठवू नये. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुमची धाकटी बहीण,
अंजना

ता. क. – पुस्तकं नव्यासारखी ठेवीन असा शब्द दिला होता. सतरा पुस्तकांत मुलांनी खुणेला तेंदूची पानं घातली आहेत आणि त्यांचे डाग पडले आहेत. मी रागावले. जास्त नाही.

ता. क. दोन – पुस्तकाचं नाव नाही, लेखक नाही, तेव्हा दुसरी प्रत कोणाकडे मागणार? ते तुम्ही वाचलेलं आहे. शेवट कागदावर लिहून बंद पाकिटात, माझ्या एकटीच्या नावे, परतीच्या टपालाने पाठवावा. शेवट टपालाने मागवते असं मी सांगितल्यापासून मुलं रोज पोस्टमनची झडती घेतात.

ता. क. तीन – पाने नाहीत हे वीस तारखेला कळलं असं वर भासवलं आहे. ते खरं नाही. मला दोन तारखेलाच कळलं, कारण मी कोणतंही पुस्तक आधी शेवटाकडून उघडते आणि शेवट सांगून टाकते, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मला दाट संशय आहे की मी शेवट फोडू नये म्हणून ती सोळा पाने तुम्हीच फाडलीत. असो. फोन करून एवढंच सांगा, कंपाउंडर की मावशी? मी मुलांसाठी विचारते आहे. मी दोननंतर घरीच असते, फोनजवळ. रात्री बाराला केलात तरी चालेल.